‘समाज’ हा शब्द खोडून पाहा : साहित्य-चित्रपटांतील पात्रे आणि सामाजिक अपेक्षा यांचे विश्लेषण

साहित्यकृतीवर किंवा चित्रपटावर पहिल्यांदाच लिहू पाहणाऱ्यांच्या वहीत एक वाक्य हमखास सापडते : ‘समाज तिला मोकळेपणाने जगू देत नाही.’ वाक्य खोटे नसते, पण त्यातून कळतही काही नाही. समाज म्हणजे कथेतले नेमके कोण, तो कोणाच्या तोंडून बोलतो, त्याचे ऐकले नाही तर काय होते आणि ऐकले तर कोणाचे भले होते, हे सारे प्रश्न त्या एका शब्दाआड दडून राहतात. म्हणून नवख्या अभ्यासकाने एक शिस्त स्वतःला लावून घ्यावी. आपल्या लेखनात ‘समाज’ हा शब्द जेथे कर्ता म्हणून येईल तेथे तो खोडावा आणि त्या जागी कथेतल्या माणसाचे नाव लिहावे. नाव सापडले नाही, तर आपण ती कलाकृती अजून पुरती वाचलेली नाही असे समजावे.

ही पद्धत कशी राबवायची ते सांगण्यासाठी मी तीन मराठी कलाकृती घेतो आहे : गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९९ साली रंगभूमीवर आलेले ‘संगीत शारदा’, प्रभात फिल्म कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी १९३७ साली दिग्दर्शित केलेला ‘कुंकू’ आणि जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा ‘उंबरठा’. पहिल्या दोन कलाकृतींचा विषय एकच आहे, म्हातारा वर आणि तरुण वधू, म्हणजेच त्या काळच्या भाषेत जरठकुमारी विवाह. दोहोंमध्ये ३८ वर्षांचे अंतर आहे. एकाच प्रश्नाला दोन काळांनी दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की अपेक्षा कोणती, ती कशी बदलली आणि कोठे मुळीच बदलली नाही, हे आपोआप उठून दिसते. म्हणून सुरुवात करताना सुट्या कलाकृतीपेक्षा अशी जोडी निवडावी असे मी सुचवीन.

आधी क्रियापदे, मग विशेषणे

कलाकृती पहिल्यांदा वाचताना किंवा पाहताना हातात पेन घेऊ नये. दुसऱ्या वेळी मात्र प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी वहीचे एक पान राखून ठेवावे आणि त्यावर फक्त क्रियापदे लिहावीत : मागतो, लपवते, गप्प राहते, नाकारते, परत येते. ‘सोशिक’, ‘बंडखोर’, ‘दुष्ट’, ‘प्रेमळ’ ही विशेषणे पहिल्या फेरीत लिहायची नाहीत, कारण विशेषण हा निकाल असतो आणि निकाल आधी लागला की पुरावे त्याच्याच बाजूने गोळा होऊ लागतात. क्रियापदांची यादी पुरेशी लांब झाली की तिच्यात एखादे विसंगत क्रियापद सापडते, जे बाकीच्यांशी जुळत नाही. विश्लेषण तेथून सुरू करावे. ‘उंबरठा’मधील सुलभाच्या पानावर ‘घर सोडून जाते’ आणि ‘घरी परत येते’ ही दोन्ही क्रियापदे असतात. यांपैकी पहिलेच लिहिणारा तिला बंडखोर ठरवून मोकळा होतो आणि दुसऱ्याचे काय करायचे ते त्याला कळत नाही.

अपेक्षा पूर्ण वाक्यात लिहा

यानंतर कथेतली प्रत्येक अपेक्षा तीन भागांच्या वाक्यात मांडावी : कोणी, काय करावे, नाहीतर काय होईल. यांतला तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि पात्रे तो सहसा मोठ्याने बोलत नाहीत. ‘शारदा’पुरते हे वाक्य असे होईल : मुलगी वयात येण्याआधी बापाने तिचे लग्न उरकावे, नाहीतर दोष त्याच्या माथी येईल आणि लोक घराण्याला बोल लावतील. वाक्य लिहून झाले की एक गोष्ट लक्षात येते, जी नुसते नाटक पाहताना निसटते. ही अपेक्षा शारदेकडून नसून तिच्या बापाकडून आहे. शारदेने काही करावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही. तिने फक्त बोहल्यावर उभे राहायचे आहे. ज्या पात्राकडून कृतीचीच अपेक्षा नाही, त्याची भीती, विनवणी आणि रडणे एवढीच त्याची कृती उरते, आणि म्हणून ‘मूर्तिमंत भीति उभी’ हे पद नाटकात केवळ शोभेचे राहत नाही.

आता ‘समाज’ खोडून त्या जागी नावे लिहू. पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ याला बायको हवी आहे. भद्रेश्वर दीक्षित हे लग्न जमवून देतो आहे, कारण त्यात त्याचा लाभ आहे. बाप कांचनभट पैशांच्या मोहाने मुलगी द्यायला तयार आहे. आई इंदिराकाकूला हे पटत नाही, पण घरात तिचा शब्द चालत नाही. चार माणसे आणि चार वेगवेगळी कारणे. रूढीवर मनापासून श्रद्धा असल्यामुळे हे लग्न लावणारा यांत कोणी नाही, हे मला या नाटकाचे फार मोठे मर्म वाटते. लग्न लावू पाहणाऱ्या तिघांना रूढी येथे सोयीची पडते आहे. कांचनभटाला मुलगी विकायची आहे आणि ‘मुलीचे लग्न वेळेत व्हायला हवे’ ही अपेक्षा त्या विक्रीवर टाकायला त्याला पांघरूण म्हणून मिळाली आहे. म्हणून प्रत्येक अपेक्षेसमोर वहीत आणखी एक रकाना ठेवावा : लाभ कोणाचा? हा रकाना रिकामा राहिला तर ती खरोखरच श्रद्धेतून आलेली अपेक्षा असू शकते. तो भरला, तर रूढी आणि स्वार्थ यांतले अंतर लेखकाने कोठे दाखवले आहे ते शोधावे.

हसू येते त्या जागाही नोंदवाव्यात. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे पद प्रेक्षकांना हसवते. पण हसण्याचा रोख एका म्हाताऱ्यावर राहिला की मध्यस्थ आणि बाप यांची जबाबदारी प्रेक्षकांच्या नजरेआड होण्याचा धोका असतो. विनोद अपेक्षेला टोचतो की तिला सुसह्य करतो, हा प्रश्न प्रत्येक विनोदी प्रसंगापाशी विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर एकाच नाटकात प्रसंगागणिक बदलू शकते.

काळाचे पान : कायदा काय म्हणत होता?

या पायरीवर नवखे अभ्यासक सर्वांत कमी वेळ देतात. मी तिच्यावर सर्वांत जास्त रेंगाळणार आहे, कारण पात्राला कोणते पर्याय खरोखर उपलब्ध होते हे ठाऊक नसेल तर त्याने ‘का केले नाही’ हा प्रश्न विचारण्याला अर्थ उरत नाही. कलाकृतीचे साल वहीच्या डोक्यावर लिहावे आणि त्याखाली त्या विषयाशी संबंधित कायदे आणि गाजलेले खटले सालासह मांडावेत. आपल्या जोडीपुरते हे पान पुढीलप्रमाणे होईल.

विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती. लहान वयात लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा त्याने १८८४ साली मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. १८८७ साली, नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा निर्णय झाला आणि पुढच्या वर्षी पैसे देऊन प्रकरण मिटवावे लागले. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे रणकंदन माजले. त्यानंतर आठ वर्षांनी ‘शारदा’ आले. लग्नाच्या वयाला हात घालणारा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला; त्यात मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ वर्षे ही किमान मर्यादा होती. (हा कायदा आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो आणि तो देवलांच्या नाटकावरून पडलेल्या नावाने आला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्यावरून आले आहे. योगायोग गोड आहे, पण निबंधात लिहिण्याजोगा नाही.) हिंदूंच्या घटस्फोटाची सोय बडोदे संस्थानाने १९३१ साली कायद्याने केली, पण देशभरातल्या हिंदूंसाठी ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेच आली.

हे पान समोर ठेवून दोन्ही कथांचे शेवट पाहावेत. ‘शारदा’त वधू-वर सगोत्र आहेत हे उघड होते आणि लग्न मोडते, पुढे शारदा आणि तरुण कोदंड यांचा विवाह शंकराचार्यांच्या संमतीने होतो. म्हणजे शारदेची सुटका शास्त्राच्या आतूनच होते. रूढीला रूढीच्याच दुसऱ्या नियमाने अडवले जाते, आणि मुलीची नाराजी हे लग्न मोडण्याचे पुरेसे कारण आहे असे मात्र नाटकात कोणी ठरवत नाही. देवलांना तसे म्हणायचे नव्हते, असा याचा अर्थ मी काढणार नाही. १८९९ च्या प्रेक्षकांसमोर लग्न मोडायचे तर कोणते कारण टिकेल याचा त्यांनी विचार केला असावा, एवढेच मला वाटते.

‘कुंकू’ची कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेली आहे. येथे लग्न लागून गेले आहे. शांता आपटे यांनी उभी केलेली नीरा फसवणुकीने म्हाताऱ्या विधुर काकासाहेबांच्या घरात आली आहे आणि ती हे लग्न मान्य करायलाच तयार नाही. आता कायद्याचे पान पाहा. १९२९ च्या कायद्याने वधूचे किमान वय ठरवले होते, पण वधू आणि वर यांच्या वयांतले अंतर किती असावे याबद्दल तो काहीच सांगत नव्हता. त्यामुळे नीरेसारख्या वयात आलेल्या मुलीला त्याचा उपयोग नव्हता. घटस्फोटाची वाटही उघडी नव्हती. मग कथा तिला सोडवणार कशी? काकासाहेबांचे मतपरिवर्तन होते, ते तिला मुलगी मानतात, तिने पुन्हा लग्न करावे असे लिहून ठेवतात आणि जीव देतात. अनेकांना हा शेवट भावनाविवश वाटतो. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण कायद्याचे पान शेजारी ठेवले की दिसते, १९३७ साली नीरेला पुन्हा लग्न करता यावे यासाठी उघडा असलेला रुळलेला रस्ता ८१ वर्षांपूर्वीच्या विधवाविवाहाच्या कायद्यातून जात होता, आणि त्यासाठी आधी तिने विधवा होणे आवश्यक होते. म्हणजे काकासाहेबांचा मृत्यू हा त्यांच्या स्वभावाचा जितका परिणाम आहे, तितकाच त्या काळच्या कायद्यातल्या एका भोकाचाही आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. नीरेचा नकार वाचताना रखमाबाईंची आठवण येणे स्वाभाविक आहे, पण ‘कादंबरीकाराने रखमाबाईंवरून नीरा रंगवली’ असे लिहायला पुरावा लागतो. तो हाती नसेल तर ‘पन्नास वर्षांपूर्वी असाच नकार न्यायालयात पोहोचला होता’ एवढेच लिहावे. साम्य दाखवता येते. उगम सिद्ध करावा लागतो.

चित्रपटात अपेक्षा न बोलताही दिसते

नाटक आणि कादंबरी यांच्यासाठी बनवलेली पद्धत चित्रपटाला तशीच लावली की हाती फक्त संवादांचे विश्लेषण येते. चित्रपटात अपेक्षा वस्तूंत, आवाजांत आणि चौकटीतल्या जागेत भरलेली असते, म्हणून एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि नंतर डोळे मिटून नुसता ऐकावा. ‘कुंकू’च्या बाबतीत दुसरा प्रयोग विशेष फळतो, कारण या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. दुःखाच्या क्षणी व्हायोलिन वाजून प्रेक्षकाला इशारा देत नाही. ऐकू येतात ते घरातले आणि आजूबाजूचे आवाज. त्यामुळे नीरेच्या बाजूने उभे राहायचे की नाही, हे ठरवण्याचे काम प्रेक्षकावरच पडते.

वस्तूंमध्ये भिंतीवरचे घड्याळ आणि आरसा यांच्याकडे लक्ष द्यावे. काकासाहेबांचे वय आणि घड्याळ यांची सांगड चित्रपट उघडपणे घालतो. आरशाचा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो : केस काळे करून तरुण दिसू पाहणारा हा गृहस्थ आरशात स्वतःला पाहतो, आणि फुटलेल्या काचेच्या तुकड्यांतून अनेक काकासाहेब त्याच्याकडे पाहतात. वयाने केलेली थट्टा येथे कोणी दुसरा करत नाही. शिवाय ‘म्हाताऱ्या विधुराने घर सांभाळायला बायको आणावी, आणि ती आणली की त्याने तरुण दिसावे’ ही अपेक्षा पुरुषाकडूनही काहीतरी मागते, हेही त्या तुकड्यांतून कळते. अपेक्षा म्हणजे स्त्रीवरचा जुलूम, एवढेच समीकरण मनात धरून बसलेल्याला हा प्रसंग नुसता विनोदी वाटतो.

माध्यमाचा आणखी एक फरक नोंदवावा. ‘शारदा’ आले त्या काळी नायिकेची भूमिका पुरुष नट करत. ‘कुंकू’त नीरेचा राग एका स्त्रीच्या चेहऱ्यावर, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून दिसतो. दोन्ही पात्रांच्या धिटाईची तुलना करताना हा फरक विसरला तर सारे श्रेय किंवा दोष लेखकांच्या पदरात पडतो.

चांगल्या माणसांच्या अपेक्षा

भुजंगनाथ आणि कांचनभट यांना ओळखणे सोपे असते. अवघड असते ते ‘उंबरठा’सारख्या चित्रपटात, जेथे कोणी ओरडत नाही, मारत नाही, आणि घर सुशिक्षित व सुस्थित आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकर यांनी याची पटकथा लिहिली. सुलभा महाजन (स्मिता पाटील) समाजकार्याचे शिक्षण घेतलेली आहे आणि ते शिक्षण वापरण्यासाठी ती लहान मुलीला घरी ठेवून, दूरच्या गावी स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिची सासू स्वतः समाजकार्यात आहे. नवरा सुभाष (गिरीश कर्नाड) वकील आहे आणि तिला अडवून ठेवत नाही.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा सासूच्या पानावर ‘दुटप्पी’ असे लिहिले होते. पुढच्या वेळी ते विशेषण खोडून अपेक्षा पूर्ण वाक्यात लिहून पाहिली : सुनेने समाजकार्य अवश्य करावे, पण घरातल्या वेळापत्रकाला धक्का न लावता करावे, नाहीतर तिची घरातली जागा दुसरे कोणी भरून काढील. या वाक्यात दुटप्पीपणा नाही. सासू जे स्वतः पाळत आली तेच सुनेकडून मागते आहे. समाजकार्य ही घराची शोभा असेपर्यंत घराला हवे असते. ते पगारी, पूर्णवेळ आणि परगावचे काम झाले की उंबरठा आडवा येतो. वाक्याचा तिसरा भाग चित्रपट शब्दशः खरा करतो. सुलभा परतते तेव्हा मुलगी काकूच्या अंगाखांद्यावर रुळलेली असते, आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. तिला कोणी घराबाहेर काढत नाही. तिच्यावाचून घर चालायला शिकलेले असते, एवढेच.

१९५५ नंतरचा काळ असल्यामुळे सुलभेपुढे घटस्फोटाचा पर्याय आहे, पण कथेचा भर त्यावर नाही; शेवटी ती पुन्हा घर सोडते आणि आगगाडीत बसलेली दिसते. शारदेची सुटका शास्त्राने केली, नीरेची नवऱ्याच्या मृत्यूने, आणि सुलभेचा निर्णय तिचा तिनेच घेतला, अशी चढती मांडणी करण्याचा मोह येथे होतो. तो आवरावा. सुधारगृहातल्या बायकांना सुलभेसारखे जाता येत नाही, आणि व्यवस्थापनाच्या गैरकारभारापुढे सुलभाही तेथे टिकू शकलेली नाही. प्रगतीची सरळ रेषा आखणारा निबंध त्या बायकांना सहज विसरून जातो.

लिहायला बसताना

वहीतली सर्व पाने निबंधात ओतायची नसतात. एक पात्र, एक अपेक्षा आणि दोन प्रसंग एवढ्यावर हजार शब्दांचा चांगला लेख होतो. सुरुवात कथासाराने करू नये. आपल्याला सापडलेल्या विसंगतीने करावी. ‘कुंकू’वर लिहिणाऱ्याने ‘समाजाने नीरेवर अन्याय केला’ ऐवजी असे लिहावे : ‘नीरेचे लग्न तिच्याच नातलगांनी फसवून लावले, आणि १९३७ सालच्या कायद्यात त्या लग्नातून तिला बाहेर काढणारे कलम नव्हते, म्हणून चित्रपटाला तिची सुटका नवऱ्याच्या हृदयपरिवर्तनावर सोपवावी लागते.’ दुसऱ्या वाक्याशी कोणी असहमत होऊ शकतो, आणि ते वाक्य चांगले असण्याचे तेच कारण आहे.

पात्राने काय करायला हवे होते याबद्दलचे आपले मत लेखात ठेवायचे असल्यास ते स्वतंत्र परिच्छेदात ठेवावे, जेणेकरून वाचकाला निरीक्षण कोठे संपते आणि निवाडा कोठे सुरू होतो ते कळेल. आणि संवाद उद्धृत करण्याआधी तो प्रसंग पुन्हा एकदा पाहून घ्यावा. जुन्या चित्रपटांतले संवाद आपल्या आठवणीत हळूहळू अधिक ठसठशीत होत जातात, आणि प्रत्यक्षात पात्र पुष्कळदा आपल्याला आठवते त्यापेक्षा बरेच कमी बोललेले असते.